पालखी खाली वळली

शिमगा जवळ आला की रत्नागिरीच्या आमच्या होस्टेलमध्ये कुणाचंच अभ्यासात लक्ष राहत नसे. कुणाच्या गावची पालखी कधी बाहेर पडणार, कुणाच्या अंगणात कधी येणार, मुंबईहून कोण कोण येणार, याशिवाय दुसरं बोलणं नाही. मेसमध्ये एकेकीचं वर्णन रंगात आलं की मी पाणी आणायच्या निमित्तानं उठायचे. कारण मला गाव नव्हतं. देवरूखच्या एका बालगृहात मी वाढले. तिथं कशी आले ते मला नीट ठाऊक नाही, आणि सांगू शकेल असं कुणी आता उरलेलं नाही. तिथं मला कुणी वाईट वागवलं नाही, हे आधीच सांगून टाकते. जेवण मिळालं, शिक्षण मिळालं, ताप आला तर कपाळावर हातही मिळाला. पण अठरा वर्षं पूर्ण झाली की तिथून निघावं लागतं. मी निघाले, नर्सिंगला प्रवेश घेतला आणि रत्नागिरीत राहू लागले.

देवाशी माझं भांडण नव्हतं. ओळखच नव्हती म्हणा ना. बालगृहात आम्ही रोज प्रार्थना म्हणायचो आणि माझा आवाज बरा म्हणून मला पुढं उभं करायचे. पण आमच्याकडचा देव हा गावाचा असतो. तो पालखीत बसून घराघरात येतो, घरच्यांची विचारपूस करतो, ओटी घेतो आणि पुढच्या घरी जातो. ज्याला घर नाही त्याच्याकडे तो येणार कसा? हा प्रश्न मी कुणाला विचारला नाही. पण माझ्या मनानं त्याचं उत्तर देऊन टाकलं होतं. परीक्षा झाली की पुण्याकडे नोकरी शोधायची आणि कोकण कायमचं सोडायचं, असं मी ठरवलं होतं. मोठ्या शहरात निदान सणाला सगळं होस्टेल रिकामं होत नाही.

त्याच सुमारास आमच्या वॉर्डात सानिका नावाची पंधरा वर्षांची मुलगी अपेंडिक्सच्या ऑपरेशनसाठी दाखल झाली. आई सोबत होती, वडील मुंबईला नोकरीला. सानिका भारी तिरसट. इंजेक्शन द्यायला गेलं की तोंड भिंतीकडे. मी पण तिला लाडीगोडी लावली नाही. तू ओरड, मी माझं काम करते, असं सांगितलं. त्यावर ती हसली, आणि मग माझ्याशिवाय कुणाच्याच हातून इंजेक्शन घेईना. तिच्या आईला मी काकी म्हणू लागले. घरी जाताना काकी म्हणाल्या होत्या, शिमग्याला ये गो, आमची वाघजाईची पालखी बघण्यासारखी असते. घरी जाणारे पेशंट असं बोलतातच. मीही हसून हो म्हटलं आणि विसरून गेले.

त्या वर्षी होस्टेलची दुरुस्ती निघाली, त्यामुळे सुट्टीत कुणालाच मागं राहता येणार नव्हतं. बालगृहातल्या बाईंना फोन केला. त्या ये म्हणाल्या, पण आधी थोडं थांबल्या. त्या थांबण्यात त्यांचा काही दोष नव्हता. तिथं आता नव्या मुली होत्या, खाटा तेवढ्याच होत्या. मी पिशवी भरली आणि एसटी स्टँडवर गेले. चाकरमान्यांनी स्टँड फुलून गेला होता. देवरूखची गाडी लागली तशी गर्दी दारावर कोसळली, आणि मी मागं ढकलली गेले ती गेलेच. गाडी निघून गेली. मी तिथंच उभी राहिले. त्या क्षणी खरंच वाटलं, आपण या साऱ्या धावपळीत कशासाठी आहोत? प्रत्येकाला कुठंतरी पोचायचंय आणि मला फक्त इथून जायचंय.

तेवढ्यात मागं दुसरी गाडी लागली आणि तिच्या खिडकीतून हाक आली, ‘‘ताई! अगो ताई, इकडं! जागा हाय!’’

सानिका होती. टाके दाखवायला दोघी मायलेकी रत्नागिरीला आल्या होत्या. गाडी देवरूखकडेच जाणारी होती. मी कशीबशी आत शिरले तर तिघींच्या बाकावर सानिका खिडकीशी, काकी कडेला आणि मधल्या जागेवर सानिकाचा रुमाल. काकी वैतागल्या होत्या. ही मघापासून कुणासाठी जागा धरून बसलीय कळत नाय, दोन बायकांशी भांडण झालं, असं सांगू लागल्या. मी सानिकाला विचारलं की मी येणार हे तुला ठाऊक होतं का? ती खांदे उडवून म्हणाली, नाही, पण लागेल असं वाटलं. एवढंच. मी बसले. मला हसू आलं.

देवरूखच्या अलीकडे त्यांचा फाटा आला. मी निरोप घ्यायला तोंड उघडलं, तोवर काकी माझी पिशवी उचलून खाली उतरल्या होत्या. माझी पिशवी उतरली म्हणून मीही उतरले. माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा निर्णय असा झाला; तो मी घेतला असं मला म्हणता येत नाही.

त्यांचं घर वाडीत सगळ्यात शेवटचं. जांभ्या दगडाचं, कौलारू, बेताचं. पुढं अंगण, बाजूला गोठ्यात एक गाय, गोठ्याला लागून पेंढ्याची उडवी, म्हणजे गुरांसाठी रचून ठेवलेला पेंढ्याचा उंच ढीग. मागं काजूची झाडं, आणि त्यांच्यावर चढत गेलेला वाळक्या गवताचा उतार. काकीनं मला पाहुणी म्हणून बसवलं नाही, याचं मला फार बरं वाटलं. चहा झाल्या झाल्या हातात केरसुणी दिली. दुसऱ्या दिवशी दुपारी पालखी वरच्या वाडीला जायची होती आणि त्याच्या पुढच्या दिवशी आमच्याकडे. तोवर अंगण सारवून व्हायला हवं होतं. आम्ही तिघींनी पाणी भरलं, शेण कालवलं. सानिकाला मी काही उचलू दिलं नाही, म्हणून ती ओट्यावर बसून आम्हाला हुकूम सोडत होती. विहिरीवर एका बाईनं काकीला विचारलं, ही कोण? काकी सहज म्हणाल्या, आमच्याकडची. त्या शब्दानं मी उगीच आक्रसले. कुणीतरी चुकून जास्तीचं दिलेलं परत करावं, तसं मला झालं.

म्हणूनच असेल, दुसऱ्या दिवशी दुपारी सगळी वाडी सहाणेवर, म्हणजे देवीची पालखी जिथं बसते तिथं, निघाली तेव्हा मी गेले नाही. सानिकाला चढ चढवू नये, मी तिच्यासोबत राहते, असं सांगितलं. ते खरंच होतं, पण तेवढंच खरं नव्हतं. काकी नारळ-खण घेऊन गेल्या. वाडीत आम्ही दोघी आणि गाय. वर लांबून ढोल ऐकू यायला लागले. मी अंगणाचा शेवटचा तुकडा सारवत होते. सानिका ओट्यावरून पालखीच्या गोष्टी सांगत होती. देवीचे चांदीचे मुखवटे कसे लखलखतात, पालखी नाचवताना बाबांच्या अंगात कसं बळ येतं, यंदा त्यांना रजा मिळाली नाही म्हणून आई कशी गप्प आहे. बोलता बोलता ती थांबली आणि म्हणाली, ‘‘ताई, कसला वास येतोय?’’

मी मागं गेले. वरच्या उतारावर धूर होता. वणवा. कुठून आला, कुणी लावला, आजवर कळलेलं नाही. वाळकं गवत तडतडत होतं आणि दुपारचा वारा नेमका खाली वाहत होता. जाळ फार उंच नव्हता, गुडघाभर असेल, पण रुंद होता आणि चालत येत होता. मध्ये काजू, मग उडवी, मग गोठा, मग घर. मी सानिकाला ओरडून सांगितलं की गाईला सोड, खालच्या मोकळ्या मळ्यात घेऊन जा आणि तिकडेच थांब. तिनं कधी नव्हे ते ऐकलं. मोबाईलला रेंज नव्हती. ओरडावं तर वर ढोलांचा दणदणाट. मी सारवणासाठी भरलेल्या पिंपात गोणपाट बुचकळलं आणि वर धावले.

आग विझवायला मला कुणी शिकवलं नव्हतं. गोणपाट आपटलं की तेवढी जागा काळी पडायची आणि शेजारून जाळ पुढं सरकायचा. डोळ्यांतून पाणी, नाकात धूर, पायाखाली चटके. तरी एक गोष्ट खरी सांगते, त्या वेळी मला भीतीपेक्षा त्वेष चढला होता. हे घर कालपर्यंत मी पाहिलंही नव्हतं, आणि आता त्याच्या उडवीसाठी मी जीव तोडून धावत होते. पहिलं काजूचं झाड करपलं. मी आंब्याची हिरवी डहाळी मोडून घेतली. वळून पाहते तर सानिका ओलं पोतं ओढत वर येत होती.

मी तिच्यावर अशी ओरडले की वॉर्डात कधी कुणावर ओरडले नाही. टाके ताजे आहेत, तुला तिकडे थांब म्हटलं होतं, खाली जा. ती काही थांबली नाही. पोतं माझ्या पायाशी टाकून म्हणाली, ‘‘तू काय एकटी हायस काय?’’

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नेहमी तयार असायचं. त्या दिवशी मी नुसतं पोतं उचललं. आम्ही दोघी आपटत राहिलो. पण वारा वाढला आणि डावीकडून जाळाची एक जीभ आमच्या मागं, उडवीच्या दिशेनं निघाली. दोन्हीकडे पोचणं आता शक्य नव्हतं. माझ्या हातातली डहाळी जळून नुसती काठी उरली होती. मी सानिकाला जवळ ओढलं आणि माझ्या तोंडून निघालं, ‘‘आई, आता तूच ये.’’ कुणाला म्हटलं, ते मला तेव्हा माहीत नव्हतं. त्या शब्दानं मी आयुष्यात कुणाला हाक मारलेली नव्हती. मागितलं असं काही नव्हतं त्यात. माझ्याकडचं सगळं संपलं होतं, एवढंच.

आणि ढोल जवळ आले.

आधी वाटलं, वाऱ्यामुळे भास होतोय. पण मग सनई ऐकू आली, माणसांचा गलका ऐकू आला, आणि आंब्यांच्या मागून वळणावर निशाण दिसलं. त्याच्यामागं लाल गोंडे उडवत, मुखवटे लखलखवत पालखी आमच्याच वाटेनं उतरत होती. वरच्या वाडीला जायची पालखी! पुढच्या माणसांनी धूर पाहिला, ढोल जागच्या जागी खाली ठेवले गेले आणि सगळा गाव उतारावर धावला. कुणी डहाळ्या तोडल्या, कुणी पिंप उचलून आणलं, बायकांनी विहिरीपासून हंड्यांची रांग लावली. चार वडीलधाऱ्यांनी मात्र पालखी खांद्यावरून उतरवली नाही. ते तिला घेऊन अंगणात, आगीकडे तोंड करून उभे राहिले. बघता बघता वारा पडला. तो संध्याकाळी पडतोच म्हणा, पण अजून ऊन चांगलंच वर होतं. उडवीच्या अलीकडे, हातभर अंतरावर, आग संपली.

मी मटकन खाली बसले. सानिका हसत होती आणि रडतही होती. तिचा चेहरा इतका काळा झाला होता की नुसते दात दिसत होते, आणि माझाही तसाच असणार. काकी पळत आल्या. आधी सानिकाच्या पोटावर हात ठेवून टाके चाचपले, आणि मग तोच हात माझ्या डोक्यावरून, खांद्यावरून, बोटांवरून फिरवला. कुठं भाजलंय का, ते बघत होत्या. मी नर्स होणार होते, मला तपासणं कळतं. ते तपासणं वेगळं होतं.

पालखी कशी वळली ते मग गुरवकाकांनी सांगितलं. देवीची पूजा तेच करतात. वरच्या वाडीला जाणाऱ्या तिठ्यावर पालखी आली आणि जड झाली. खांदेकऱ्यांना वर पाऊलच टाकता येईना. वाट सोडून ती खालच्या बाजूला ओढ घेऊ लागली. गुरवकाकांनी विचारलं, आई, खाली जायचंय का? आणि पालखी हलकी झाली. वरच्या वाडीची माणसं थोडी नाराज झाली, पण देवीपुढं कोण बोलणार? कुणी म्हणेल की पुढच्यांना धुराचा वास आला असेल. असेलही. मी नंतर त्या तिठ्यावर जाऊन उभी राहिले आहे. तिथून आमची वाडी दिसत नाही, आणि त्या दुपारी वारा तिकडून इकडे होता. यापेक्षा जास्त मला माहीत नाही, आणि जास्त जाणून घ्यावंसंही वाटत नाही.

अंगणाची पार दैना झाली होती. सारवण तुडवलं गेलं होतं, रांगोळीचा पत्ता नव्हता, पाट मांडलेला नव्हता. काकी ओशाळून गुरवकाकांना म्हणाल्या की आमची काहीच तयारी नाही हो. ते हसले. देवी आपल्या पायांनी धावत आली, ती काय रांगोळी बघायला आली? असं म्हणून त्यांनी पालखी अंगणाच्या मध्यावर घ्यायला सांगितली. काकीनं सहाणेवर नेलेलं तबक परत आणलं होतं. ते त्यांनी माझ्या हातात दिलं आणि मला पुढं केलं. माझे हात काळे आहेत, असं मी म्हटलं. असू देत, त्या म्हणाल्या, कशानं काळे झाले ते तिला ठाऊक हाय. मी देवीची ओटी भरली. मुखवट्यांवर धुराची राख बसली होती. ती पुसायला माझा हात पुढं झाला आणि कुणी मला थांबवलं नाही.

मग गुरवकाकांनी गाऱ्हाणं घातलं. घरासाठी देवीला घातलेलं साकडं असतं ते. एकेका माणसाचं नाव घेऊन ते राखणीची विनंती करतात आणि सगळे जण ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साथ देतात. ‘‘बा वाघजाई म्हाराजा, आज ह्या घरावर इघ्न आलं व्हतं, ते तू परतवलंस...’’ मुंबईला असलेल्या काकांचं नाव आलं. व्हय म्हाराजा! काकीचं नाव आलं, सानिकाचं आलं. मी ओट्याच्या बाजूला सरकून उभी होते. नावं संपली होती. गुरवकाका थांबले, माझ्याकडे पाहिलं आणि काकीला विचारलं, ‘‘आणि ही गो?’’

काकीनं माझं नाव सांगितलं. मग म्हणाल्या, ‘‘ही थोरली.’’

गुरवकाकांनी माझं नाव मोठ्यानं उच्चारलं, हिला राख, हिच्या हाताला यश दे म्हणाले, आणि अख्ख्या गावानं आवाज दिला, व्हय म्हाराजा! माझं नाव शाळेत, कॉलेजात, हॉस्पिटलात पुष्कळदा पुकारलं गेलंय. असं कधी ऐकलं नव्हतं. अंगावर सर्रकन काटा आला. पुन्हा ढोल सुरू झाले, पालखी उसळली, आणि सानिकानं माझा हात धरून मला त्या नाचात ओढलं. तिला मी फक्त टाळ्या वाजवायची परवानगी दिली होती. मी मात्र नाचले. काळ्या तोंडानं, जळक्या ओढणीनं, मनसोक्त नाचले. तो आनंद मला अजून शब्दांत धरता येत नाही. आठवला तरी छाती भरून येते.

संध्याकाळी वरच्या धोंडीवर रेंज मिळते तिथं आम्ही गेलो आणि काकांना फोन लावला. त्यांना सगळं आधीच कळलं होतं. मग मला म्हणाले, ‘‘पुढल्या वेळी कुणी बोलावायची वाट बघायची नाय. यायचं.’’

पुण्याचा विचार आपोआप मागं पडला. आता मी खेडला एका दवाखान्यात नोकरी करते. रजेचं वेळापत्रक लागलं की आधी शिमगा आणि गणपती मागून घेते, आणि बाकीच्या मुली माझ्यावर रागावतात. सानिकाचे फोन येतात, निम्म्या वेळा भांडायलाच. काका आता मला रजा मिळवण्याच्या युक्त्या शिकवतात. मी पुष्कळ वर्षं असं समजत होते की आपल्याला जागा मिळवावी लागते, सिद्ध करावी लागते. त्या दिवशी माझ्या हातात फक्त जळकी काठी होती, आणि तरी देवी आली. ती का आली हे मी तिला विचारत नाही. तिच्यापुढं उभी राहिले की एवढंच म्हणते, तू आलीस, आई, तुझे उपकार.

यंदा आमच्या गावात बायकांनाही पालखी खांद्यावर द्यायचं ठरलं. मागच्या दांडीला काकी आणि मी, पुढं सानिका आणि शेजारची एक बाई. मला वाटलं होतं त्याच्या कितीतरी पट ती जड होती. तोल जाऊ नये म्हणून मी पाय घट्ट रोवले, दांडी आवळून धरली. गुरवकाका बाजूनं चालत होते. माझ्याकडे पाहून हळूच म्हणाले, ‘‘आडवू नको गो तिला. ती नेईल तिकडं जा.’’ मी हात सैल केला, पाय सोडले, आणि पालखी आम्हां चौघींना घेऊन नाचत अंगणात शिरली.